नाव झाकलेल्या तबकड्या

इंग्लंडच्या उत्तरेकडील गिरण्यांच्या आणि कोळसाखाणींच्या गावांत 1970 च्या दशकात तरुण असलेली माणसे जुन्या गाण्यांविषयी बोलू लागली, की त्यांच्या सांगण्याचा क्रम वेगळा असल्याचे लगेच ध्यानात येते. गाणे कोणी गायले हे बऱ्याचदा शेवटी येते. आधी येते ते सभागृहाचे नाव, मग तबकडी लावणाऱ्या डीजेचे नाव आणि मग पहाटेची वेळ. तबकडीची आठवण आणि जागेची आठवण त्यांच्या मनात एकमेकींपासून सुटी होतच नाही. हे केवळ तारुण्याच्या ओढीमुळे घडते असे मला वाटत नाही. त्यामागे एक व्यवस्था होती, आणि ती समजून घ्यायची तर अमेरिकेत न खपलेली गाणी इंग्लंडमध्ये अनमोल कशी ठरली, इथपासून सुरुवात करावी लागते.

‘नॉर्दर्न सोल’ या नावाचाच घोटाळा आधी दूर करू. ‘सोल’ म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे भावनाप्रधान लोकप्रिय संगीत. यातला ‘नॉर्दर्न’ हा शब्द संगीत जिथे तयार झाले त्या जागेविषयी काही सांगत नाही. ते संगीत ज्यांनी डोक्यावर घेतले, त्यांच्या मुलखाविषयी सांगतो. गाणी जवळजवळ सगळी अमेरिकेतली, बहुतांशी डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील, आणि गाणारे बहुतेक कृष्णवर्णीय. नाव दिले ते लंडनमधील पत्रकार आणि ‘सोल सिटी’ या रेकॉर्डच्या दुकानाचे मालक डेव्ह गोडिन यांनी. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून लंडनला येणारे तरुण दुकानात शिरत, तेव्हा अमेरिकेतून नुकत्याच आलेल्या फंक शैलीच्या रेकॉर्डी त्यांना नको असत. त्यांना हवी असे ती चार-पाच वर्षांपूर्वीची, वेगवान आणि ठेक्याची जुनी सोल. अशा गिऱ्हाइकांना काय दाखवायचे हे दुकानातल्या सहकाऱ्यांना पटकन कळावे म्हणून गोडिन यांनी ‘नॉर्दर्न सोल’ हा शब्द वापरायला सुरुवात केली आणि 1970 मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ या नियतकालिकातील आपल्या लेखनातून तो छापून आणला. दुकानाच्या सोयीसाठी काढलेला शब्द एका अख्ख्या पिढीची ओळख बनला.

आता या गाण्यांचा घाट पाहू. 1960 च्या दशकाच्या मध्यावर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने जो ठेका लोकप्रिय केला, त्यात मात्रेमात्रेवर ढोलाची ठाम थाप पडते, खाली बेस गिटार धावत असते, वर व्हायब्राफोन, व्हायोलिने आणि सॅक्सोफोन येतात आणि या सगळ्या उत्साहावर स्वार होऊन गायक बहुधा विरहाचे, फसगतीचे किंवा आर्जवाचे शब्द गात असतो. चाल आनंदी आणि आशय दुखरा, हे त्याचे मर्म होय. मोटाउनचे यश पाहून अमेरिकेतल्या शहराशहरांतून शेकडो छोट्या कंपन्यांनी तोच घाट उचलला. डेट्रॉइटमध्ये तर मोटाउनच्या पगारावर असलेले वादकच गुपचूप ‘रिक-टिक’सारख्या शेजारच्या कंपन्यांसाठी वाजवून येत, त्यामुळे वादनाचा दर्जा तसूभरही कमी नसे. कमी असे ते भांडवल. छोटी कंपनी काहीशे किंवा हजारभर प्रती काढायची, त्या गावातल्या रेडिओ केंद्रांना वाटायची, आणि केंद्रांनी गाणे उचलले नाही की उरलेला माल गोदामात जायचा किंवा भंगारात. गाणे वाईट होते म्हणून पडले असे नेहमी नव्हतेच. पुष्कळदा ते लोकांच्या कानांपर्यंत पोहोचलेच नव्हते. न ऐकल्या गेलेल्या चांगल्या गाण्यांचा असा मोठा साठा अमेरिकेत पडून होता, आणि समुद्रापलीकडे त्याच ठेक्याची भूक असलेले लोक होते.

ही भूक पहिल्यांदा भागवली मँचेस्टरच्या ‘ट्विस्टेड व्हील’ या क्लबने. 1963 मध्ये सुरू होऊन 1965 मध्ये व्हिटवर्थ स्ट्रीटवर हललेला हा क्लब 1971 च्या आरंभी बंद झाला, आणि मग सूत्रे स्टोक शहराच्या टन्स्टॉल भागातील ‘गोल्डन टॉर्च’, ब्लॅकपूलची ‘मेका’, वुल्व्हरहॅम्प्टनचे ‘कॅटकोम्ब्स’ अशा ठिकाणी गेली. सर्वांत मोठे नाव झाले ते विगन या गावातील ‘विगन कसिनो’चे. नावात कसिनो असले तरी तिथे जुगार नव्हता. ते जुने नृत्यगृह होते. 23 सप्टेंबर 1973 च्या पहाटे 2 वाजता तिथला पहिला ‘ऑल-नाइटर’ सुरू झाला. ऑल-नाइटर म्हणजे शब्दशः रात्रभराचे जागरण: आठवडाभर कारखान्यात किंवा खाणीत राबलेली पोरे शनिवारी रात्री आगगाडीने, बसने, रस्त्यात हात दाखवून थांबवलेल्या गाडीने विगनला यायची, दाराबाहेर ताटकळायची आणि सकाळी 8 पर्यंत नाचायची. दारूची विक्री नसे. जागे राहण्यासाठी उत्तेजक गोळ्या घेणारे पुष्कळ होते आणि त्यापायी पोलिसांचा ससेमिरा या क्लबांच्या मागे कायम राहिला, ही काळी बाजू नाकारण्यात अर्थ नाही. पण बहुसंख्य लोक कशासाठी येत, याचे उत्तर नाचाच्या जमिनीवर होते. जोडीने नाचण्याची पद्धत नव्हती. प्रत्येक जण एकटा, पण सगळे एका ठेक्यात. चामडी तळव्यांचे बूट लाकडी जमिनीवर सहज सरकावेत म्हणून शिंपडलेली टाल्कम पावडर, रुंद घेराच्या पॅंटी, गिरक्या, मागच्या मागे जमिनीवर पडून पुन्हा उसळी घेणे, आणि गाण्यातल्या ठरलेल्या जागी शेकडो हातांची एकच टाळी.

या टाळीकडे थोडे थांबून पाहायला हवे. गाण्यात एका क्षणी वाद्ये थांबतात, अर्ध्या श्वासाची पोकळी येते आणि ढोल पुन्हा उचल घेतो. ती पोकळी नेमकी कुठे आहे हे माहीत असलेला नर्तक तिथेच टाळी देतो. गायकाचे नाव ठाऊक नसलेल्या माणसालाही ती जागा ठाऊक असते. ही आठवण शरीरात साठलेली असते, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी तेच गाणे लागले की हात आपोआप उठतात. या लोकांच्या आठवणींत गायकाचे नाव मागे का राहते, याचे एक उत्तर इथे मिळते.

दुसरे उत्तर मिळते ते डीजेंच्या स्पर्धेत. सगळीकडे वाजणारी तबकडी ऐकण्यासाठी कोणी शंभर मैलांवरून येणार नाही, म्हणून प्रत्येक डीजेला अशी एखादी हवी असे जी फक्त त्याच्याकडे आहे. त्यासाठी काही जण थेट अमेरिकेला जात. ब्लॅकपूल मेकाचे इयान लेव्हिन मायामीतल्या सुट्टीत ढिगांनी रेकॉर्डी उचलून आणत. रिचर्ड सिअर्लिंग यांना 1973 मध्ये फिलाडेल्फियातल्या जुन्या मालात ग्लोरिया जोन्स यांनी गायलेले ‘टेंटेड लव्ह’ हे गाणे सापडले. ते 1960 च्या दशकाच्या मध्यावर एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूला छापले गेले होते आणि अमेरिकेत कोणाच्या खिजगणतीतही नव्हते. पुढे 1981 मध्ये ‘सॉफ्ट सेल’ या जोडगोळीने त्याची नवी आवृत्ती काढली आणि ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. जगभर ते गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना त्याचा रस्ता फिलाडेल्फियाच्या गोदामातून उत्तर इंग्लंडच्या नृत्यगृहांत आणि तिथून रेडिओवर आला हे ठाऊक असेल?

अशी तबकडी हाती लागली की पुढचा प्रश्न ती राखण्याचा. प्रतिस्पर्धी डीजेला नाव कळले तर तोही अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे पत्र पाठवणार आणि आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच्याकडेही प्रत येणार. यावर निघालेला उपाय म्हणजे ‘कव्हर-अप’. तबकडीच्या मध्यभागी असलेल्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचा आणि ध्वनिक्षेपकावरून गायकाचे आणि गाण्याचे खोटे नाव सांगायचे. जमैकात फिरते ध्वनिक्षेपक लावून नाचगाणी घडवणारे साउंड सिस्टिमवालेही याच हेतूने लेबले खरवडून टाकत. ऐकणाऱ्याकडे त्यामुळे उरे ती चाल, तो क्षण आणि एक खोटे नाव. गाणे विकत मिळणार नव्हते, रेडिओवर लागणार नव्हते, नाव खरे नव्हते; ते पुन्हा ऐकायचे तर पुढच्या शनिवारी त्याच डीजेसमोर, त्याच सभागृहात उभे राहणे एवढाच मार्ग होता. तबकडी आणि जागा यांची गाठ इतकी पक्की बसण्याचे खरे कारण मला हे वाटते.

ज्यांनी असली तबकडी कधी हाताळलेली नाही, त्यांच्यासाठी एक डेमो प्रत डोळ्यांसमोर आणू. सात इंचांची, मिनिटाला 45 फेरे घेणारी, तळहातावर मावणारी. अमेरिकन असेल तर मधले भोक दीड इंच व्यासाचे, म्हणजे इंग्लंडमधल्या रेकॉर्ड प्लेअरच्या बारीक खुंटीवर ती लावायला मध्ये प्लॅस्टिकची चकती बसवावी लागे. डेमो प्रतीचे लेबल बहुधा पांढरे. त्यावर ही प्रत विक्रीसाठी नाही, रेडिओ केंद्रासाठी आहे, अशी सूचना, आणि कधी केंद्रातल्या कोणीतरी शाईने केलेली खूण. गाणे संपते तिथून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत पट्टीवर कारखान्याने कोरलेले किंवा ठोकलेले आकडे असतात. लेबल खोटे छापता येते, पण या आकड्यांची नक्कल हुबेहूब करणे अवघड जाते, म्हणून जाणकार माणूस तबकडी दिव्याखाली तिरकी धरून आधी ही पट्टी वाचतो आणि गाण्याचे नाव मागाहून पाहतो.

डेमो प्रतीचा विषय निघाला की फ्रँक विल्सन यांच्या ‘डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)’ या गाण्यावर यावेच लागते. विल्सन हे मोटाउनचे निर्माते आणि गीतकार. 1965 मध्ये त्यांनी स्वतःच्या आवाजात हे गाणे ध्वनिमुद्रित केले, मोटाउनच्या ‘सोल’ या उपलेबलवर, म्हणजे कंपनीच्याच एका दुय्यम नाममुद्रेखाली, ते निघायचे ठरले आणि सुमारे 250 डेमो प्रती छापल्याही गेल्या. मग गायक व्हायचे की निर्माता राहायचे, असा प्रश्न कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी यांनी त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी निर्माता राहणे पसंत केले, अशी हकीकत सांगितली जाते. गाणे मागे घेतले गेले, प्रती नष्ट झाल्या. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटाउनच्या संग्रहात राहिलेली एक प्रत बाहेर आली, हस्ते-परहस्ते तिचा आवाज विगनला पोहोचला आणि तिथे हे गाणे ‘एडी फॉस्टर’ या नावाने वाजू लागले. एडी फॉस्टर नावाचा गायक खरोखरच होता, त्यामुळे थाप सहज पचली. गाणे वाजताच सभागृह वेडे झाले, पण तो आवाज कोणाचा हे तिथल्या नर्तकांना ठाऊक नव्हते, आणि आपले फसलेले गाणे इतक्या लांब कोणी नाचून साजरे करत आहे याची विल्सन यांनाही कल्पना नव्हती. अखेर 1979 मध्ये ब्रिटनच्या टॅम्ला मोटाउनने ते खऱ्या नावाने रीतसर प्रकाशित केले. मूळ डेमोच्या दोनच प्रती शिल्लक आहेत असे पुढे अनेक वर्षे मानले जात होते; त्यांतली एक 2009 मध्ये लिलावात 25 हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली आणि 2020 मध्ये एक प्रत 1 लाख पौंडांना विकली गेल्याचे वृत्त आले.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण बाहेरच्या माणसाचा गोंधळ नेमका इथेच होतो. दुर्मिळ गाणे आणि दुर्मिळ प्रत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डॅरेल बँक्स यांचे ‘ओपन द डोर टू युअर हार्ट’ घ्या. 1966 मध्ये ‘रेव्हिलॉट’ या डेट्रॉइटच्या लेबलवर निघालेली त्याची अमेरिकन प्रत चांगली खपली होती आणि ती आजही सहज मिळते. ब्रिटनमध्ये मात्र आधी ‘लंडन’ या लेबलने ते छापले आणि हक्क ‘स्टेटसाइड’कडे असल्याचे निष्पन्न होताच छापलेला माल मागे घेतला. लंडन लेबलची विक्रीसाठी छापलेली एक प्रत मागाहून उजेडात आली आणि 2014 मध्ये तिला 14 हजार पौंडांहून अधिक किंमत मिळाली. आवाज तोच, ठेका तोच, फक्त कागदाची चकती वेगळी. नाचणाऱ्याला या फरकाशी देणेघेणे नाही. संग्राहकाला आहे, आणि या मंडळींत बरेच जण एकाच वेळी दोन्ही असल्यामुळे त्यांच्या आठवणींत दोन्ही प्रकारचे मोल एकमेकांत मिसळलेले असते.

सर्वांत हळव्या आठवणी तर दर आठवड्याला वाजणाऱ्या तीन तबकड्यांच्या आहेत. विगनला सकाळी 8 वाजता रात्र संपायची आणि ती संपवणारी तीन गाणी ठरलेली होती: टोबी लेजंड यांचे ‘टाइम विल पास यू बाय’, जिमी रॅडक्लिफ यांचे ‘लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर’ आणि डीन पॅरिश यांचे ‘आय एम ऑन माय वे’. काळ सरून जाईल, आजची रात्र सरल्यावरही बरेच काही उरेल आणि मी आता निघालो, असा तिन्ही नावांचा अर्थ. रात्रभर घामाने निथळलेली, पाय सुजलेली माणसे ही तीन गाणी होईपर्यंत जागा सोडत नसत आणि मग रविवारच्या उजेडात स्टेशनकडे चालू लागत. नवे, कोणीच न ऐकलेले गाणे मिळवण्यासाठी एवढी चढाओढ चालणाऱ्या जागी निरोपाला मात्र दर आठवड्याला तीच तीन जुनी गाणी लागत असत, हे मला फार हृद्य वाटते.

नव्या आणि जुन्या गाण्यांवरून भांडणही मोठे झाले. साठीच्या दशकातला चांगल्या गाण्यांचा साठा कधीतरी आटणारच, असे मानून ब्लॅकपूल मेकाचे लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस हे डीजे 1970 च्या दशकातल्या नव्या, सौम्य ठेक्याच्या गाण्यांकडे वळले. विगनच्या निष्ठावंतांना हा धर्मत्याग वाटला आणि लेव्हिन यांनी चालते व्हावे अशी फलके झळकली. दोन्ही गटांची माणसे आजही आपापली बाजू तितक्याच पोटतिडकीने मांडतात.

मला मात्र या सगळ्यात सतत टोचत राहते ती गायकांची बाजू. ऑल-नाइटरमध्ये एखादे गाणे गाजले की कोणीतरी त्याच्या परवानगीशिवाय नकली प्रती छापून विकायचा आणि त्या विक्रीतला एक पेनीही अमेरिकेतल्या गायकापर्यंत जात नसे. जिमी रॅडक्लिफ यांचे निधन जुलै 1973 मध्ये झाले, म्हणजे विगनचे दार उघडण्याच्या दोन महिने आधी. पुढची आठ वर्षे दर शनिवारची रात्र आपल्या आवाजासोबत मावळणार आहे, हे त्यांना कळण्याची शक्यताच नव्हती. डीन पॅरिश यांना आपल्या गाण्याची ही कीर्ती कळायला कित्येक दशके लागली. कळल्यावर ते ब्रिटनला आले आणि ज्यांनी त्यांच्या आवाजाबरोबर शेकडो सकाळी पाहिल्या होत्या, त्यांच्यासमोर उभे राहून गायले. सगळ्यांच्या वाट्याला एवढी उशिराची दादही आली नाही. नाव झाकण्याची क्लृप्ती कितीही रंजक वाटली तरी ती ज्याचे नाव झाकत होती तो एक जिवंत माणूस होता, हे या आठवणी सांगताना विसरले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

या बाबतीत पुढच्या काळात बरेच काही सुधारले, आणि त्यात लंडनच्या ‘100 क्लब’मध्ये ऑल-नाइटर चालवणाऱ्या ॲडी क्रोसडेल यांचा वाटा मोठा आहे. 1982 मध्ये सुरू झालेल्या ‘केंट’ या लेबलसाठी त्यांनी अमेरिकन कंपन्यांच्या जुन्या फिती रीतसर परवाना घेऊन ऐकायला सुरुवात केली, आणि तिथे कधीच न छापली गेलेली गाणीही निघाली. मेल्बा मूर यांचे ‘मॅजिक टच’ हे 1966 चे गाणे असेच फितीवर राहून गेले होते. ते 1980 च्या दशकात पहिल्यांदा तबकडीवर आले आणि आज ते या मंडळींच्या अत्यंत लाडक्या गाण्यांपैकी एक आहे. साठीच्या दशकात ज्याचा एकही श्रोता नव्हता, त्या गाण्याच्या आठवणी 1990 च्या दशकात नाचलेले लोक सांगतात. नावांचा शोध घेणाऱ्यांनी दरम्यान दुसरेही काम चालू ठेवले होते: कोणी खिशातल्या रेकॉर्डरवर चोरून उतरवलेल्या रात्रींच्या कॅसेटी पुन्हा पुन्हा ऐकून, विक्रेत्यांच्या टपालाने येणाऱ्या याद्यांशी ताडून, एकेका खोट्या नावामागचा खरा गायक हुडकून काढला. या कॅसेटी ऐकताना गाण्याच्या खाली बुटांची घसर आणि त्या ठरलेल्या टाळ्याही ऐकू येतात.

विगन कसिनोची अखेरची रात्र 6 डिसेंबर 1981 ला झाली. निरोपाची तीन गाणी वाजून गेली, लोक हलेनात, तीच गाणी पुन्हा लावावी लागली, तरी कोणी निघेना. तेव्हा आणखी एक तबकडी लावली गेली आणि ती त्या सभागृहात वाजलेली शेवटची तबकडी ठरली. ‘डू आय लव्ह यू’च होती ती. रीतसर प्रत दुकानात येऊन तोवर दोन वर्षे झाली होती, आणि नाचणाऱ्या प्रत्येकाला गायकाचे नाव माहीत होते: फ्रँक विल्सन.